वरून वाळलेले म्यान: ठाण्यातील एका होल्स्टरचे प्रकरण

२०२४ च्या अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी कळव्याहून फोन आला. "अरे, तुझ्या म्यानाला मिशा फुटल्यात," काका म्हणाले, आणि थोडे थांबून, जरा वेगळ्या आवाजात पुढे म्हणाले, "आणि आतल्या वस्तूवरही डाग आलेत." म्यान म्हणजे त्यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी मी हाताने शिवून दिलेले चामडी होल्स्टर. ते त्यांच्या हाती देऊन तेव्हा जेमतेम बारा आठवडे झाले होते. त्या एका होल्स्टरची, मापे घेण्यापासून ते दुसऱ्यांदा करून देण्यापर्यंतची हकीकत येथे क्रमाने नोंदवत आहे. शिलाई चुकली नव्हती, चामडे हलके नव्हते, रंगही उतरला नव्हता. चुकला तो शेवटचा हात, म्हणजे वाळवणे आणि त्यानंतर द्यायचे लेप-तेल, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हा शेवटचा हात हेच या कामाचे सर्वांत अवघड अंग आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो आणि गेली सात वर्षे नौपाड्यातील घराच्या बंद गॅलरीत चामड्याचे काम छंद म्हणून करतो. रापी (चामडे कापायचे पाते) कशी धरावी आणि आरी (भोक पाडायचा टोचा) कोणत्या कोनात शिरवावी हे मी कोपरीतल्या एका वयस्कर चर्मकारांकडून शिकलो. त्यांना मी मामा म्हणतो. होल्स्टर हा शब्द मामांना माहीत आहे, पण त्यांच्या आणि काकांच्या तोंडी "म्यान" हाच शब्द येतो, म्हणून मीही दोन्ही वापरणार आहे.

हात न लावता माप

काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षे त्यांनी रोकड नेणाऱ्या गाडीवर सशस्त्र रक्षकाची नोकरी केली. रिव्हॉल्व्हर आणि परवाना तेव्हापासूनचे. पॉइंट ३२ बोअरचे, सहा घरांचे, तीन इंची नळीचे हे रिव्हॉल्व्हर ते इतकी वर्षे बाजारातून आणलेल्या कापडी पिशवीत ठेवत आणि त्या पिशवीचा त्यांना मनापासून राग होता. त्यांना झाकणीचे, कमरेच्या उजव्या बाजूला पट्ट्यावर बसणारे, पूर्ण चामड्याचे म्यान हवे होते.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. त्यामुळे "दोन दिवस ठेवून घेतो, माप घेतो आणि देतो" हा शिंप्याकडचा रिवाज येथे चालत नाही. परदेशातील छांदिष्ट लोक हुबेहूब आकाराचे भरीव प्लॅस्टिकचे ठोकळे विकत आणतात आणि त्यांच्यावर चामडे बसवतात. मी लाकडाचा फर्मा करायचे ठरवले. ३ मार्च २०२४ च्या रविवारी मी काकांच्या घरी गेलो. त्यांनी रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे मला दाखवले, कागदावर आडवे ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा स्वतः काढली, आणि माझ्या व्हर्नियर कॅलिपरने जागोजागीची जाडी मोजून मला आकडे सांगितले. मी लिहून घेत गेलो. नळी, चौकट, घोड्याचा (ट्रिगरचा) कमानीसारखा संरक्षक आणि फिरते नळकांडे असे एकेक माप झाले.

पहिली चूक येथेच घडली, आणि ती माझी होती. फिरत्या नळकांड्याच्या बाहेरच्या अंगावर वजन कमी करण्यासाठी उभ्या खाचा असतात. घरे सहा असल्यामुळे खाचाही एकमेकींच्या बरोबर समोर येतात. काकांनी कॅलिपरचे जबडे त्या खाचांत टेकवले आणि जो आकडा वाचला तो मी लिहिला. खरा व्यास त्याहून दोन मिलिमीटरने जास्त होता. टूलरूममध्ये बावीस वर्षे घालवलेल्या माणसाने जबडे कुठे टेकले आहेत हे पाहू नये, याला सबब नाही. हे लक्षात येईपर्यंत रिव्हॉल्व्हर हाताशी राहिले नव्हते, कारण १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि काकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला. निकाल ४ जूनला लागला. म्हणजे एप्रिल आणि मे, चामड्याच्या ओल्या कामाला ठाण्यात त्यातल्या त्यात बरे असणारे दोन महिने, माझ्याकडे फक्त लाकूड होते.

फर्मा सागवानाचा केला. त्यात रिव्हॉल्व्हरची प्रत्येक खाच उतरवायची नसते, उलट काही जागा मुद्दाम भरून काढायच्या असतात. नळीच्या टोकावरची नेमाची माशी वर काढताना आतल्या चामड्याला खरवडते, म्हणून माशीपासून मागपर्यंत एक बारीक काठी चिकटवून तिच्यासाठी सरळ चर तयार करावा लागतो. कमानीच्या आतली पोकळीही लाकडाने बंद केली, नाहीतर चामडे तिच्यात दबून बोटाच्या जागेपर्यंत पोहोचते, आणि घोड्यापर्यंत काहीही पोहोचू न देणे हे म्यानाचे पहिले काम आहे.

चामडे

म्यानाला झाडपाल्याने कमावलेले चामडे लागते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ आणि पाण्याला चिवट असते. पर्स, जॅकेट यांसाठी ते उत्तम, पण ओले करून दाबले तरी वाळल्यावर ते पुन्हा आपल्या मूळ सपाटपणाकडे जाते. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांतील टॅनिनने कमावलेले चामडे ओले असताना मातीसारखे वळते आणि वाळले की वळलेल्या आकारातच कडक होते. होल्स्टरचे सगळे शास्त्र या एका गुणावर उभे आहे.

धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडच्या आसपास चामड्याची दुकाने आहेत, आणि तेथे प्रत्येक दुकानदार प्रत्येक तुकडा "वेज टॅन", म्हणजे झाडपाल्याने कमावलेला, असल्याची ग्वाही देतो. मी खिशात हिराकशीच्या पाण्याची एक छोटी बाटली नेतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे पूर्वी घरोघर होत असे. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा रंग धरतो, तीच क्रिया येथे कामी येते. पहिल्या दुकानातल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर थेंब टाकला तेव्हा तो काळवंडला खरा, पण रापीने कड ताजी कापल्यावर मधोमध निळसर करड्या रंगाची रेघ दिसली. म्हणजे आधी क्रोमने कमावून वरून झाडपाल्याचा हात दिलेला माल. दुसऱ्या दुकानात म्हशीच्या पाठीकडचा ३.४ मिलिमीटर जाडीचा तुकडा मिळाला, ज्याची कड आतपर्यंत एकसारखी बदामी होती. पोटाकडचे चामडे स्वस्त पडते, पण ते ताणले जाते, आणि ताणले जाणारे चामडे घट्ट पकड ठेवू शकत नाही. म्हशीच्या चामड्याचा दाणा जाडसर असतो, हे काहींना खटकते. मला तो आवडतो.

बेतणीला एक साधे गणित लागते. वस्तूच्या बाह्यरेषेपासून शिलाईची रेष, वस्तूच्या अर्ध्या जाडीत चामड्याची जाडी मिळवली की जेवढे अंतर येते, तेवढ्या अंतरावर घ्यायची. माझ्या चुकीच्या मापामुळे नळकांड्याजवळ ही रेष एक मिलिमीटर आत पडली. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरचे चामडे एका मिलिमीटरसाठीही हट्ट धरते.

मे अखेरपर्यंत म्यान फर्म्यावर तयार झाले. दोन थरांमध्ये चामड्याचीच पट्टी घालून कडा सोल्युशनने जोडल्या, मेणाच्या दोऱ्याने इंचाला सहा टाके या हिशेबाने दोन सुयांची शिलाई घातली, स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी रंग दोन हात दिला, कडा पॉलिश पेपरने घासून डिंकाच्या पाण्याने आणि मग मेणाने घोटल्या. या शिलाईत दोन्ही सुया प्रत्येक भोकातून उलटसुलट जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. मशीनच्या शिलाईत तसे होत नाही. ओल्या चामड्यावर एका सकाळी बारीक काळे ठिपके उमटले, तेव्हा मला माझ्या नखांत राहिलेल्या कारखान्यातल्या लोखंडी किसाची आठवण झाली. हिराकशीची परीक्षा माझ्याच हातांनी, न मागता, दुसऱ्यांदा झाली होती. लिंबाच्या रसाने ते बरेचसे गेले, उरलेले रंगाखाली लपले. तेव्हापासून मी रविवारी चामड्याला हात लावण्याआधी नखे ब्रशने घासतो.

जूनमधला रविवार

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काकांना शस्त्र परत मिळाले. २३ जूनच्या रविवारी त्यांच्या घरी त्यांनीच रिव्हॉल्व्हर म्यानात घालून पाहिले. ते नळकांड्याशी अडले. जोर केला असता गेले असते, पण मग बाहेर काढायलाही तेवढाच जोर लागला असता. तेव्हा खरा व्यास मोजला, चूक उघड झाली आणि मी म्यान घरी आणले. फर्म्याला दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या चिकटवून जाडी वाढवली, म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवले आणि फर्म्यावर नव्याने दाबून बसवले.

मुंबईत मान्सून ९ जूनला दाखल झाल्याचे जाहीर झाले होते. माझ्या गॅलरीतला आर्द्रतामापक त्या आठवड्यात ८४ ते ९१ टक्क्यांच्या दरम्यान फिरत होता. म्यान तीन दिवस पंख्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्याचा रंग मूळच्या तपकिरीवर आला, बोटाला कोरडे लागू लागले, आकारही कडक झाला. मामांनी मला एक गोष्ट शिकवली होती: चामडे वाळले का हे डोळ्याने नाही, गालाने बघावे. आत पाणी असेल तर वरून कोरड्या दिसणाऱ्या चामड्यालाही गालाशी धरल्यावर गारवा लागतो. मी तीन दिवसांत एकदाही म्यान गालाला लावले नाही. काकांना ते जूनअखेर द्यायचे कबूल केले होते आणि दोन महिने वाट पाहून मलाही ते हातावेगळे करायचे होते.

चौथ्या दिवशी मी अॅक्रिलिकचा संरक्षक लेप दिला. बाहेरून दोन हात, आणि आतूनही एक, अशा समजुतीने की आतली खरखरीत बाजू गुळगुळीत राहील आणि धूळ धरणार नाही. धुळीच्याच विचाराने म्यानाचे खालचे तोंड चामड्याची चकती शिवून बंद केले होते. झाकणीला पितळी टिचबटण बसवले. ३० जूनला म्यान काकांच्या हाती दिले, त्यांनी ते पट्ट्यावर चढवून घरभर दोन फेऱ्या मारल्या, काकूंनी चहा दिला, आणि निघताना दारात चपला घालता घालता मी म्हणालो, "काका, अधूनमधून तेलाचा हात देत जा." कोणते तेल, किती, कुठे, यातले काहीही बोललो नाही.

तपासणी

सप्टेंबरमध्ये मी म्यान पाहिले तेव्हा त्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि फोनवर ऐकताना मी त्या चारही बुरशीच्या खाती टाकल्या होत्या. बाहेर, टाक्यांच्या भोकांशी आणि कडांना, पांढरी पूड होती. आत, झाकणी उघडल्यावर, पांढरट राखाडी लव होती, जिला काका मिशा म्हणत होते. टिचबटणाभोवती हिरवा, मेणासारखा चिकट थर साचला होता. आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाशी आणि नळकांड्याच्या उजव्या अंगावर, म्हणजे जेथे ते चामड्याला घट्ट लागून होते तेथेच, गंजाचे तांबूस ठिपके होते.

आधी काकांनी म्यान कसे ठेवले ते विचारले. रिव्हॉल्व्हर पावसाळाभर म्यानातच, म्यान बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, आणि बेडरूममध्ये रात्री एसी. तेलाविषयी विचारल्यावर त्यांनी अभिमानाने सांगितले की दर रविवारी ते न चुकता खोबरेल लावत होते. बुटांना पॉलिश करावे तसे, फडक्याने, सगळीकडून. सैन्यातली शिस्त. मी सांगितलेले त्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे पाळले होते.

बाहेरची पूड आणि आतली लव या दोन्ही पांढऱ्या असल्या तरी एकच आहेत असे मानण्याचे कारण नव्हते. काकूंचा केस वाळवण्याचा ड्रायर मागून घेतला आणि कमी गरम हवा बाहेरच्या पुडीवर धरली. अर्ध्या मिनिटात ती वितळून चामड्यात गायब झाली. ती बुरशी नव्हती, गोठलेले खोबरेल होते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि रात्री एसीच्या खोलीत कपाटातही तेवढा गारवा येतो. बाहेरच्या अंगाला अॅक्रिलिकचा लेप असल्याने तेल चामड्यात शिरू शकत नव्हते, म्हणून ते जेथे वाट मिळाली तेथे, टाक्यांच्या भोकांत आणि कडांत, गोळा होत गेले. ड्रायर आतल्या लवेवर धरला तेव्हा मात्र ती जशीच्या तशी राहिली. ती खरी बुरशी.

हिरवा थर ओळखायला ड्रायर लागला नाही. तेलातील आणि चामड्यातील मेदाम्ले पितळेतील तांब्याशी संयोग पावून असा हिरवा मेणचट पदार्थ बनवतात. झाडपाल्याने कमावलेले चामडे मुळात आम्लधर्मी असते, त्यात दर रविवारी तेलाची भर. काकांना वाटले होते की बटण निकृष्ट निघाले. बटण चांगले होते. ज्या संगतीत ते बसवले, ती वाईट होती.

गंजाविषयी मी काकांशी मोकळेपणाने बोललो, कारण नुकसान त्यांच्या वस्तूचे झाले होते. ओले चामडे पोलादाला लागून राहिले की गंज येणारच, आणि बंद तोंडाच्या म्यानात खाली उतरलेला ओलावा तळाशीच साचतो. नळीच्या तोंडाचे डाग तेच सांगत होते. त्यांनी रिव्हॉल्व्हर परवानाधारक शस्त्र-दुकानदाराकडे नेऊन साफ करून घेतले. ते काम माझ्या हातचे नव्हते आणि कायद्यानेही माझे नव्हते.

उघडून पाहिल्यावर

म्यान घरी आणून मी शिलाई उसवली. आतला लेप एका जागी नखाने उचलला तर दुधावरच्या सायीसारखा सलग सुटून आला, आणि त्याखालचे चामडे गडद, गारेगार होते. सर्वांत जास्त ओल दोन थरांमधल्या पट्टीत होती, जिच्या दोन्ही बाजूंना सोल्युशनचा थर होता. मी सगळे तुकडे एकत्र स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले: २४६ ग्रॅम. मग ते एसी ड्राय मोडवर ठेवलेल्या खोलीत जाळीवर पसरले. नवव्या दिवशी काटा २२१ ग्रॅमवर येऊन थांबला. तेल उडून जात नाही. गेले ते पंचवीस ग्रॅम पाणी. त्यातले काही पावसाळी हवेतून नव्याने शिरलेले असणार, पण आतबाहेर लेप आणि खाली बंद तोंड असल्यामुळे एकदा शिरलेल्या किंवा जूनपासून राहिलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. बुरशीला साधारण ६५ ते ७० टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते, आणि त्या बंद म्यानात ती बारा आठवडे सलग मिळाली.

मामांना मी तुकडे दाखवायला नेले. त्यांनी सुटलेल्या लेपाचा पापुद्रा दोन बोटांत धरून पाहिला आणि विचारले, "आत कशाला लावलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. कोल्हापुरी चपलेला आतून कोणी लेप देत नाही, म्हणूनच ती भिजली तरी वाळते, एवढे बोलून ते समोरच्या बुटाच्या टाचेकडे वळले. मी घरी येऊन त्या वाक्यावर बराच विचार केला. मी पाणी बाहेर ठेवण्याचा विचार करत होतो, तर ते पाणी बाहेर जाण्याचा विचार करत होते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच पाणी असते, ते बाहेर ठेवता येत नाही, त्यामुळे त्यांचाच विचार बरोबर.

दुसरे म्यान

जुने चामडे वापरण्यात अर्थ नव्हता, कारण टाक्यांच्या भोकांतून आणि कडांतून त्यात खोबरेल मुरले होते आणि तेलकट चामड्याला रंग सारखा धरत नाही. नवे म्यान नोव्हेंबरमध्ये सुरू केले. योगायोग असा की १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा पोलीस ठाण्यात गेले. या वेळी फर्मा बरोबर होता आणि हवा कोरडी होत चालली होती, त्यामुळे अडले नाही.

या वेळी प्रत्येक टप्प्यावर वजन केले. शिवून तयार झालेले, एसीच्या खोलीत दोन दिवस ठेवलेले म्यान, बटणाशिवाय, २१८ ग्रॅम भरले. भिजवून, रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत मुरवून फर्म्यावर चढवण्याआधी ते ३०१ ग्रॅम होते. फर्म्यावर चामडे दाबताना हाडाच्या घोटणीने कमानीची आणि नळकांड्याची रेष उठवली. बारा तासांनी आकार धरल्यावर फर्मा काढून घेतला, कारण आत लाकूड असेपर्यंत आतली बाजू वाळत नाही. २४ तासांनी २५२ ग्रॅम. ३६ तासांनी रंग पूर्ववत दिसू लागला, आणि जूनमध्ये मी ज्या अवस्थेला "वाळले" म्हणालो होतो ती हीच होती. काटा त्या क्षणी २३९ दाखवत होता, म्हणजे डोळ्याला कोरड्या दिसणाऱ्या म्यानात एकवीस ग्रॅम पाणी होते, ते थोडेथोडके नाही, चार छोटे चमचे भरून. गालाला लावले तर गार लागले. सहाव्या दिवशी २१९ ग्रॅम झाले आणि गारवा गेला, तेव्हाच पुढचे काम हाती घेतले. उन्हात किंवा ओव्हनमध्ये घालून हे सहा दिवस वाचवण्याचा मोह होतो, पण ओले चामडे तापले की आकसते आणि दाणा तडकतो, आणि तो परत येत नाही.

शेवटच्या हातात केलेले बदल मोजकेच आहेत. आतल्या बाजूला काहीही लावले नाही. ती फक्त कोरड्या काचेच्या घोटणीने घोटली, त्यामुळे तंतू बसले आणि भोके मोकळी राहिली. बाहेरच्या अंगाला इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून आठ मिलिलिटर नीट्सफूट तेल दिले. हे तेल गुरांच्या नळीच्या हाडांपासून काढतात, ते थंडीत सहसा गोठत नाही आणि चामड्यात नीट मुरते, पण तेही जास्त झाले तर चामडे ढिले पडते, आणि ढिले म्यान रिव्हॉल्व्हर धरून ठेवत नाही. दोन दिवसांनी त्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात देऊन जीन्सच्या तुकड्याने घासले. अॅक्रिलिक नाही. खालचे तोंड उघडे ठेवले, एवढे की करंगळीचे टोक आत जावे. पितळी टिचबटणाऐवजी स्टेनलेस स्टीलचे बसवले आणि आतून त्याच्या पाठीवर पातळ चामड्याची चकती चिकटवली, म्हणजे ते रिव्हॉल्व्हरला ओरखडणार नाही. ही चकतीची कल्पना काकांची.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांना शस्त्र परत मिळाले. त्यांनी त्यांच्याच घरी ते म्यानात घालून, म्यान उलटे धरून हलवले. रिव्हॉल्व्हर जागचे हलले नाही, आणि झाकणी उघडून ओढल्यावर एका झटक्यात बाहेर आले. सूचना या वेळी मी तोंडी दिल्या नाहीत. मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: म्यान आणि वस्तू वेगवेगळी ठेवावी, बाहेर जायचे तेव्हाच वस्तू म्यानात घालावी, परत आल्यावर दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावीत, तेल लावू नये. शेवटची ओळ काकांनी स्वतः लाल पेनने अधोरेखित केली आणि म्हणाले, "खोबरेल आता फक्त डोक्याला."

पुढचा पावसाळा

२०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच आला, त्यामुळे म्यानाची परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर सुरू झाली आणि लांबलीही. मी जून, जुलै आणि ऑगस्टच्या अखेरीस काकांकडे जाऊन ते पाहिले आणि दर वेळी बटणासह वजन केले. डिसेंबरात हाती देताना ते २३४ ग्रॅम होते, ऑगस्टमध्ये २४३. हवेतले पाणी आत येत होते आणि जातही होते, कारण जूनअखेर २४५ भरलेले म्यान सलग आठ दिवस पाऊस उघडल्यावर जुलैच्या अखेरीस २३८ वर आले होते. आतल्या बाजूला लव नव्हती, बटण स्वच्छ होते, आणि कपाटात सिलिका जेलच्या डब्यात वेगळे ठेवलेले रिव्हॉल्व्हर काकांनी दाखवले तेव्हा त्यावर नवा डाग नव्हता.

पट्टा ओवण्याच्या फाशाच्या मागे मात्र ऑगस्टमध्ये एक बारीक पांढरी रेघ दिसली. काकूंचा ड्रायर पुन्हा मागून घेतला. रेघ वितळली नाही. फासा मजबूत व्हावा म्हणून मी तेथे चामड्याचे दोन थर सोल्युशनने अखंड चिकटवले होते, आणि ओल बरोबर त्या दोन थरांच्या मध्ये अडकली होती. फासा तिथेच बसून उसवला, थर रापीने वेगळे केले, सोल्युशन खरवडून काढले, स्पिरिट आणि पाणी समभाग घेऊन पुसले आणि घरी आणून एसीच्या खोलीत वाळवून पुन्हा शिवला. या वेळी थरांच्या मधल्या भागात काहीही न लावता, फक्त कडेच्या टाक्यांवर. दोन सुयांची शिलाई तेवढा भार सहज पेलते.